कोश आधी, भाषा मागून : एस्पेरांतोच्या संदर्भग्रंथांविषयी

कोशकाराने भाषेच्या मागून चालायचे असते, हे आपण इतके गृहीत धरलेले आहे की त्याचा वेगळा विचार करण्याची गरज आपल्याला भासत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, तेव्हा मराठीत ग्रंथरचना होऊ लागल्याला सहाशेच्या आसपास वर्षे लोटली होती. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले, ते लोकांच्या तोंडी आणि पोथ्यांत असलेले शब्द गोळा करण्यासाठी. आपल्याकडे याला एक ठळक अपवाद आहे तो शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'चा. दरबारी व्यवहारातील फार्सी शब्दांच्या जागी कोणते संस्कृत शब्द यावेत हे सांगण्यासाठी तो रचला गेला. म्हणजे झालेल्या वापराची नोंद न करता व्हावयाच्या वापराची आज्ञा त्याने दिली. परंतु तो अपवादही एका नांदत्या भाषेच्या एका कोपऱ्यापुरताच होता. ज्या भाषेचा भाषकसमाज अद्याप अस्तित्वातच नाही, तिचा कोश हा प्रकार निराळा आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण एस्पेरांतोच्या इतिहासात सापडते.

२६ जुलै १८८७ रोजी वॉर्सा येथे रशियन भाषेत एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्यावर लेखक म्हणून 'डॉक्तोरो एस्पेरांतो', म्हणजे 'आशा बाळगणारा डॉक्टर', असे टोपणनाव होते. हा डॉक्टर म्हणजे २७ वर्षांचा नेत्रवैद्य लुडविक झामेनहोफ. पुस्तिकेत प्रस्तावना होती, भाषेचे काही नमुने होते (त्यांत कविताही होत्या), व्याकरणाचे सोळा नियम होते आणि सुमारे नऊशे शब्दमुळांची एक यादी होती. एस्पेरांतीय परंपरेत 'उनुआ लिब्रो', म्हणजे 'पहिले पुस्तक', या नावाने ओळखली जाणारी ही पुस्तिका त्या भाषेचा पहिला संदर्भग्रंथ आहे आणि व्यवहारतः ती भाषाही आहे. त्या दिवशी त्या पानांच्या बाहेर एस्पेरांतो अशी काही वस्तू जवळजवळ नव्हतीच.

या भाषेविषयी लिहिणारे अभ्यासक बहुधा दोन टोकांपैकी एकाला जातात. काहींना ती एक युटोपियन खेळणे वाटते. काहींना ती भाषाविज्ञानाची प्रयोगशाळा वाटते. दोन्ही बाजूंचे एका मुद्द्यावर मात्र एकमत असते: एस्पेरांतो ही केवळ 'कोशातली भाषा' आहे, तिला संस्कृती नाही, स्मृती नाही. हे मत तपासून पाहण्यासाठी तिच्या कवितांकडे वळण्याआधी तिच्या कोशांकडेच वळावे, असे मला वाटते. कारण ती जर कोशातली भाषा असेल, तर तिचे कोश काय सांगतात हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

या तपासणीसाठी उंबेर्तो एकोने मांडलेला एक भेद उपयोगी पडतो. अर्थाचे वर्णन दोन प्रकारे करता येते, असे तो १९८४ च्या आपल्या चिन्हमीमांसेच्या ग्रंथात दाखवतो. पहिला प्रकार शब्दकोशाचा: प्रत्येक शब्द मोजक्या मूलभूत घटकांत विभागायचा आणि तेवढ्यावर अर्थ पूर्ण झाला असे मानायचे. दुसरा ज्ञानकोशाचा: शब्दाचा अर्थ म्हणजे त्या समाजाला त्या वस्तूविषयी जे जे ठाऊक आहे त्याचे कोठेही न संपणारे जाळे. शब्दकोशाचा आदर्श अखेरीस ज्ञानकोशात विरघळून जातो, असा एकोचा निष्कर्ष आहे. १९९३ मध्ये परिपूर्ण भाषेच्या युरोपीय शोधावर लिहिताना त्याने एस्पेरांतोचाही सहानुभूतीने विचार केला. मात्र आपला पहिला भेद त्याने तिच्या ग्रंथपरंपरेला लावून पाहिला नाही. तो लावून पाहण्यासारखा आहे.

झामेनहोफचा मूळ संकल्प सर्वार्थाने शब्दकोशाचा होता. त्याने एक विलक्षण गोष्ट केली: व्याकरण कोशात विरघळवले. आपल्या परिभाषेत बोलायचे तर त्याने प्रकृती आणि प्रत्यय यांचा दर्जा सारखा केला. 'फ्रात' म्हणजे भाऊ ही कोशातील एक नोंद; 'इन' म्हणजे स्त्रीवाचक, ही दुसरी; 'ओ' म्हणजे नाम, ही तिसरी. तिन्ही ओळीने मांडली की 'फ्रातिनो', बहीण. सुरुवातीच्या छापील मजकुरात हे घटक लहानशा खुणेने एकमेकांपासून अलग दाखवलेले असत, यासाठी की ज्याने ही भाषा कधी ऐकलेलीही नाही अशा माणसाला पत्र यावे, सोबत शब्दांची यादी असावी आणि त्याने एकेक तुकडा यादीत शोधून पत्र वाचावे. म्हणजे वाचन हे पूर्णतः कोश पाहण्याच्या क्रियेत बसवलेले होते. वाचकाजवळ कोणतीही पूर्वस्मृती नसली तरी अर्थ लागला पाहिजे, अशी ही अपेक्षा आहे. एको ज्याला शब्दकोशाचा आदर्श म्हणतो त्याचे इतके निखळ रूप दुसरीकडे क्वचितच सापडेल.

परंतु त्याच पुस्तिकेत आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे कोशाभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुस्तिकेच्या शेवटी कापून पाठवण्याचे काही छापील कागद जोडलेले होते. एक कोटी लोकांनी तसेच वचन दिले तर मीही ही भाषा शिकेन, अशा प्रतिज्ञेवर वाचकाने सही करायची होती. एक कोटी सह्या अर्थातच आल्या नाहीत. पण १८८९ मध्ये झामेनहोफने एक हजार व्यक्तींची नावे आणि पत्ते छापले. या प्रकाशनाचे नाव 'आद्रेसारो'. त्यातील बहुतेक नावे रशियन साम्राज्यातील होती. पत्त्यांची यादी हा संदर्भग्रंथाचा सर्वांत निरस प्रकार असे आपण समजतो. इथे मात्र थोडे थांबले पाहिजे. एस्पेरांतोत 'वोर्त' म्हणजे शब्द, आणि 'आर' हा समूहवाचक प्रत्यय. शब्दांचा समूह तो 'वोर्तारो', म्हणजे शब्दकोश. त्याच प्रत्ययाने पत्त्यांचा समूह तो 'आद्रेसारो'. एकीकडे शब्दांचा मेळा आणि दुसरीकडे माणसांचा. पहिल्या दोन वर्षांतच ही जुळी जन्मली, आणि एस्पेरांतोच्या पुढील सर्व संदर्भग्रंथांकडे या दोहोंच्या ताणातून पाहता येते. निखळ शब्दकोशाची भाषा म्हणून ती फार तर दीड-दोन वर्षे जगली.

ताण पहिल्यांदा उघड झाला तो १८९४ मध्ये. झामेनहोफने स्वतःच भाषेत मोठ्या सुधारणा सुचवल्या आणि 'ला एस्पेरांतिस्तो' या नियतकालिकाच्या वर्गणीदारांपुढे त्या मतदानाला ठेवल्या. वर्गणीदारांच्या बहुमताने त्या नाकारल्या. निर्मात्याची सुधारणा निर्मितीच्या वापरकर्त्यांनी फेटाळावी, ही घटना भाषेच्या इतिहासात दुर्मिळ म्हणावी लागेल. त्याच सुमारास 'उनिवेर्साला वोर्तारो' निघाला. त्यात अडीच हजारांहून अधिक शब्दमुळे होती आणि प्रत्येकाचे फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश अशा पाच भाषांतील प्रतिशब्द दिलेले होते. हा कोश, सोळा नियम, एक अभ्यासमाला आणि एक प्रस्तावना यांचे मिळून १९०५ मध्ये 'फुंदामेंतो दे एस्पेरांतो' हे पुस्तक झाले. त्याच वर्षी फ्रान्समधील बूलोन-स्युर-मेर येथे भरलेल्या पहिल्या जागतिक अधिवेशनाने हा ग्रंथ भाषेचा एकमेव बंधनकारक पाया म्हणून स्वीकारला. तो अस्पर्श्य, म्हणजे हात न लावण्याजोगा, ठरला. त्यातील चुकांनाही हात लावायचा नाही असे झामेनहोफने प्रस्तावनेत बजावून ठेवले.

या अस्पर्श्यतेची टिंगल पुष्कळ झाली आहे. १९०७ नंतर ज्या सुधारकांनी फुटून 'इदो' ही स्पर्धक भाषा काढली त्यांना ती पोथीनिष्ठा वाटली, आणि वरवर पाहता ती आहेच. पण प्रस्तावना नीट वाचली तर निराळे काही हाती लागते. नवे रूप आणायचे असेल तर जुने रद्द करू नये, नवे त्याच्या शेजारी ठेवावे. कालांतराने वापराने जुने मागे पडेल आणि ते आर्ष प्रयोग म्हणून उरेल, अशी योजना झामेनहोफने तेथे सांगितलेली आहे. म्हणजे जो ग्रंथ आपण बदलणार नाही असे म्हणतो तोच आपण म्हातारे कसे व्हावे याची तरतूद करून ठेवतो. रसायनशास्त्राला पूर्वी 'ख़ेमियो' म्हणत, आता 'केमियो' म्हणतात. फ्रान्सला 'फ्रांत्सुयो' आणि 'फ्रांत्सियो' ही दोन्ही नावे चालत राहिली. यात कोणी कोणाला हुकूम केला नाही. पाणिनीय परंपरेत उत्तरोत्तर मुनीचे प्रामाण्य अधिक मानतात, म्हणजे सूत्रकारापेक्षा वार्त्तिककाराचे आणि त्याहून भाष्यकाराचे. एस्पेरांतोत उलट, आद्य ग्रंथाचे प्रामाण्य सर्वांत वरचे. आणि तरी व्यवहार बदलला, कारण बदलासाठी आद्य ग्रंथाशी भांडावे लागत नव्हते. अकादमीने १९०९ पासून २००७ पर्यंत नऊ 'अधिकृत पुरवण्या' काढल्या. नाव बोलके आहे. सुधारित आवृत्ती नाही, पुरवणी. माझ्या मते झामेनहोफच्या भाषाविषयक प्रज्ञेचा खरा पुरावा सोळा नियमांत नाही, या एका परिच्छेदात आहे.

तरीही आद्य कोश वाटतो तितका निर्दोष किंवा तटस्थ नव्हता. पाच भाषांचे पाच स्तंभ शेजारीशेजारी ठेवले की आंतरराष्ट्रीयता साधते अशी समजूत त्यामागे होती. प्रत्यक्षात त्या स्तंभांतून राष्ट्रीय भाषांचे व्याकरण चोरपावलांनी आत आले. याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण फणी आणि ब्रश यांचे आहे, आणि ते नेहमी दिले जाते याचे कारण ते खरोखरच चांगले आहे. 'कोम्ब' या शब्दमुळापुढे फ्रेंच आणि जर्मन स्तंभांत क्रियापद आले: विंचरणे. म्हणून 'कोम्बि' म्हणजे विंचरणे, आणि फणीसाठी साधनवाचक 'इल' लावून 'कोम्बिलो' करावे लागते. 'ब्रोस' या मुळापुढे मात्र नाम आले: ब्रश. म्हणून ब्रश तो 'ब्रोसो', आणि ब्रशाने घासणे ते 'ब्रोसि'. 'ब्रोसिलो' म्हटले तर चूक. दोन वस्तू, जवळजवळ सारखेच काम, आणि दोन निराळे मार्ग. मौज अशी की इंग्रजी स्तंभातील दोन्ही शब्द नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे वापरले जात असल्याने ती भाषा या प्रश्नावर मुकाट राहते. सर्व प्रत्यय सारखे, सर्व मुळे सारखी, या आदर्शाला इथे तडा गेला: मुळाला स्वतःचा एक छुपा शब्दप्रकार आहे आणि तो नियमांतून कळत नाही, कोश पाहूनच कळतो.

या छुप्या शब्दप्रकाराचा सिद्धान्त १९१० पासून मांडला तो रने द सोस्यूर या स्विस गणितज्ञाने. आधुनिक भाषाविज्ञानाचा प्रवर्तक फेर्दिनां द सोस्यूर याचा तो धाकटा भाऊ. हा योगायोग आपल्या वाङ्मयीन वर्तुळात फारसा ठाऊक नाही. थोरल्या भावाच्या १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, चिन्हाच्या परिवर्तनशीलतेची चर्चा करताना, एस्पेरांतोचा ओझरता उल्लेख येतो. एकदा चलनात आली की कृत्रिम भाषाही निर्मात्याच्या ताब्यात राहणार नाही, अशी शंका तो व्यक्त करतो. अशी स्थिर भाषा रचू पाहणाऱ्याची गत बदकाचे अंडे उबवणाऱ्या कोंबडीसारखी होईल, असा तेथे दृष्टान्त आहे. म्हणजे एक भाऊ त्या भाषेच्या शब्दसिद्धीला गणिती तर्काची चौकट शोधत होता, तर दुसऱ्याला ती चौकट टिकेल का याचीच शंका होती. पुढे काय झाले? रनेचा विचार काल्मान कालोचाय आणि गास्तों वारँग्येँ यांनी १९३५ च्या आपल्या बृहद्व्याकरणात सविस्तर विकसित केला आणि अकादमीने १९६७ मध्ये त्याच्या मुख्य तत्त्वाला मान्यता दिली. पण ही मान्यता ज्या वस्तुस्थितीला मिळाली ती कोणी योजलेली नव्हती; १८९४ च्या स्तंभांत ती नकळत शिरली होती आणि वापराने घट्ट झाली होती. दोन्ही भावांचे थोडे थोडे खरे ठरले असे म्हणावे लागते.

स्वभाषेच्या व्याख्या स्वभाषेतच देणारा कोश ही कोणत्याही भाषेच्या प्रौढत्वाची खूण असते. एस्पेरांतोत असा पहिला कोश १९१० मध्ये आला. त्याचा कर्ता काझिमिएझ बेइन, टोपणनाव 'काबे'. तोही वॉर्सातील नेत्रवैद्यच होता. बोलेस्वाव प्रुस याच्या 'फारो' या पोलिश कादंबरीचे त्याचे भाषांतर आदर्श एस्पेरांतो गद्य मानले जाई. साधे, नव्या शब्दांचा सोस नसलेले. पाच स्तंभांची कुबडी काढून त्याने शब्दाचा अर्थ दुसऱ्या एस्पेरांतो शब्दांनीच सांगितला. आणि १९११ मध्ये, कोश निघून जेमतेम वर्ष होते न होते तोच, तो चळवळ सोडून गेला. पुन्हा परतला नाही, जरी त्यानंतर तो जवळजवळ अर्धे शतक जगला. एस्पेरांतीयांनी याचे एक क्रियापद केले: 'काबेइ', म्हणजे उत्साहाने काम करता करता एकाएकी चळवळीतून नाहीसे होणे.

हे क्रियापद माझ्या युक्तिवादाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. पहिल्या पुस्तकातल्या वाचकाच्या रीतीने ते वाचून पाहा. 'इ' हा क्रियापदाचा प्रत्यय आहे, हे यादी सांगेल. 'काबे' म्हणजे काय, हे यादीत नाही, आणि घटक कितीही बारीक केले तरी त्यातून अर्थ निघणार नाही. तो माणूस कोण, त्याने काय लिहिले, तो गेल्यावर मागे राहिलेल्यांना काय वाटले, हे ठाऊक असेल तरच शब्द कळतो. 'क्रोकोदिलि' हे असेच: शब्दशः 'मगर करणे', वापरात मात्र एस्पेरांतीयांच्या मेळाव्यात आपली मातृभाषा बोलत बसणे. भाषेचा पहिला स्वभाषिक कोश लिहिणाऱ्याचेच नाव कोशाने न उलगडणारा शब्द होऊन बसावे, यात शब्दकोशाचा आदर्श मोडल्याचा आणि समाज घडल्याचा पुरावा एकदमच मिळतो.

मधल्या काळातील काही ग्रंथांचा केवळ उल्लेख पुरेसा आहे. एमील ब्वाराक या फ्रेंच तत्त्वज्ञाचा ('देजा व्यू' ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय ज्याला देतात तोच हा) एस्पेरांतो-फ्रेंच कोश याच सुमारास निघाला. पेत्र स्तोयान याने १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय भाषांविषयीच्या वाङ्मयाची हजारो नोंदींची सूची दिली. ऑस्ट्रियाच्या ऑयगेन व्युस्टरचा ज्ञानकोशात्मक एस्पेरांतो-जर्मन शब्दकोश १९२३ पासून भागशः छापला गेला आणि 'कोर्नो' या शब्दापाशी थांबला. 'कोर्नो' म्हणजे शिंग. उरलेला भाग हस्तलिखितातच राहिला. हाच व्युस्टर पुढे परिभाषाविज्ञानाचा जनक म्हणून ओळखला गेला. त्याच्या वाटचालीत एक अपुरा एस्पेरांतो कोश आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९३० चा 'प्लेना वोर्तारो' मात्र अधिक लक्ष मागतो. तो काढला 'सेन्नात्सिएत्सा आसोत्सियो तुत्मोंदा' या, १९२१ मध्ये स्थापन झालेल्या, राष्ट्रवाद न मानणाऱ्या कामगारांच्या संघटनेने. मुख्य संपादक ग्रोजाँ-मोपँ, आणि सहकाऱ्यांत तरुण वारँग्येँ. अन्यत्र राष्ट्रीय अकादमीने करायचे काम इथे वर्गणी गोळा करणाऱ्या कामगार संघटनेने केले. शब्दाच्या प्रामाण्यासाठी लेखकांच्या वापराचा आधार घेण्याची पद्धत या कोशाने आणि त्याच्या १९७० च्या विस्ताराने, म्हणजे 'प्लेना इलुस्त्रिता वोर्तारो'ने, स्थिर केली. या दुसऱ्या कोशाचे पान पाहिले तर प्रामाण्याची उतरंड डोळ्यांना दिसते. फुंदामेंतोतील शब्दापुढे तारका. अधिकृत पुरवण्यांतून आलेल्यापुढे त्या पुरवणीचा क्रमांक. झामेनहोफच्या वाक्यापुढे त्याच्या नावाचे आद्याक्षर. आणि उरलेले बहुसंख्य शब्द कोणत्याही खुणेवाचून, केवळ वापराच्या किंवा संपादकाच्या भरवशावर उभे. विधिग्रंथ आणि साक्षीदार एकाच पानावर शेजारी राहतात, आणि कोणता शब्द कोणत्या नात्याने आला हे वाचकापासून लपवले जात नाही. इतका प्रामाणिकपणा आपल्या कोशांनीही दाखवायला हरकत नाही.

संघर्ष पेटला तो खूण नसलेल्या शब्दांवरून. बुडापेस्टच्या 'लितेरातुरा मोंदो' या मासिकाभोवती जमलेल्या कवींना वृत्तासाठी आणि सूक्ष्म छटांसाठी नवे, आखूड शब्द हवे होते. कालोचाय आणि वारँग्येँ यांच्या १९३२ च्या काव्यविषयक मार्गदर्शकात अशा नवशब्दांचा स्वतंत्र कोशच जोडलेला आहे. विरोधकांचे म्हणणे असे की 'माल' हा विरुद्धार्थी प्रत्यय लावून जे सांगता येते त्यासाठी नवे मूळ घालणे म्हणजे शिकणाऱ्यावर ओझे लादणे, आणि पर्यायाने युरोपबाहेरच्या माणसाला दाराबाहेर ठेवणे. क्लोद पिरों याने १९८९ च्या आपल्या पुस्तकात हा आक्षेप अतिशय प्रभावीपणे मांडला. मला हा वाद सोडवता येईल असे वाटत नाही, पण तो केवळ शैलीचा वाद नव्हे एवढे निश्चित. आपण मराठीत संस्कृत तत्समे, फार्सी शब्द आणि इंग्रजी उसनवारी यांवरून जे भांडतो त्यातही भाषा कोणासाठी हाच प्रश्न असतो. माझा कल पिरोंकडे आहे. तरीही कवींच्या शब्दांवाचून त्या भाषेचे वाङ्मय आजच्याइतके समृद्ध झाले नसते, हेही मान्य केले पाहिजे. २००२ मध्ये मिशेल द्यूक गोनिनाझ याच्या संपादनाखाली कोशाची नवी आवृत्ती आली. तिच्यात १६,७८० नोंदी आहेत. पुढे २०२० मध्येही एक आवृत्ती निघाली. वाद तिथेही संपलेला नाही.

शब्दांच्या मेळ्याची कथा येथवर आली. माणसांच्या मेळ्याची कथा वेगळ्या वळणाने गेली. 'आद्रेसारो'चा खरा वारस म्हणजे 'एन्त्सिक्लोपेदियो दे एस्पेरांतो'. कल्पना इवान शिर्यायेव या रशियन एस्पेरांतीयाची. तो १९३३ मध्ये वारला. लायोश कोकेनी आणि विल्मोश ब्लायर यांच्या संपादनाखाली बुडापेस्टच्या 'लितेरातुरा मोंदो'ने १९३४ च्या सुमारास दोन खंड काढले. हा एस्पेरांतो भाषेतला सर्वसाधारण ज्ञानकोश नव्हे, एस्पेरांतोविषयीचा ज्ञानकोश आहे: माणसे, नियतकालिके, संस्था, देशोदेशीची चळवळ. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यातील व्यक्तिनोंदी किरकोळ वाटतील. कुठले तरी गाव, तिथला एक शिक्षक, त्याने चालवलेले वर्ग, त्याने केलेले एखादे भाषांतर. परंतु भूमी नसलेल्या समाजाला गावोगावच्या अशा नोंदी हाच भूगोल असतो.

या ग्रंथाचे वाचन आज आपल्याला अस्वस्थ करते ते त्याच्या तारखेमुळे. जर्मनीत कामगार एस्पेरांतीयांच्या संघटना १९३३ मध्येच बंद पाडल्या गेल्या होत्या. १९३६ मध्ये उरलेल्यांवरही बंदी आली. सोव्हिएत संघात १९३७-३८ मध्ये चळवळ जवळजवळ नेस्तनाबूत करण्यात आली, आणि परदेशी पत्रव्यवहार हाच संशयाचा आधार ठरला. ज्याने १९३१ मध्ये जागतिक भाषांच्या कल्पनेचा इतिहास लिहिला होता त्या एर्नेस्त द्रेझेनला १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. झामेनहोफचा मुलगा आदाम याला १९४० मध्ये मारण्यात आले, मुली झोफिया आणि लिदिया १९४२ मध्ये त्रेब्लिंका येथे मारल्या गेल्या. ज्ञानकोशाच्या संपादकांना यातले बहुतेक ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी नोंदी लिहिल्या त्या चालू राहणाऱ्या गोष्टींच्या म्हणून. १९७९ मध्ये हंगेरीत तो पुन्हा छापला गेला, तो जसाच्या तसा. त्यात भर घालणे ही तेव्हा संपादनाची अडचण राहिली नव्हती. जो संदर्भग्रंथ होता तो दस्तऐवज झाला होता. राहिलेल्या नोंदी लिहिल्या गेल्या त्या कोशात नव्हे. उलरिख लिन्स याच्या 'ला दान्जेरा लिंग्वो', म्हणजे 'धोकादायक भाषा', या १९८८ च्या इतिहासग्रंथात. कोणत्या देशात कोणावर कोणता आरोप ठेवला गेला, हे त्याने धीराने शोधून काढले आहे. पहिल्या पुस्तकात ज्या पत्राची कल्पना होती, अनोळखी माणसाला यादीसह पाठवायचे पत्र, तेच पत्र येथे पुरावा म्हणून फाइलीत लावलेले आढळते.

युद्धोत्तर काळाबद्दल थोडक्यात. लापेन्ना, लिन्स आणि कार्लेवारो यांचा १९७४ चा 'एस्पेरांतो एन पेर्स्पेक्तिवो' हा चळवळीचा भरगच्च आढावा आहे. एबे विल्बोर्ग याचा पाच खंडांचा व्युत्पत्तिकोश १९८९ ते २००१ या काळात पूर्ण झाला. रचलेल्या भाषेला व्युत्पत्तिकोश लागावा, हेच मुळी शंभर वर्षांत काय घडले त्याचे द्योतक आहे: झामेनहोफने कोणता शब्द कोठून घेतला हेदेखील आता संशोधनाने ठरवावे लागते. एस्पेरांतो भाषेतला सर्वसाधारण ज्ञानकोश, ज्याची उणीव १९३४ मध्येही होती, तो २००१ मध्ये विकिपीडियाच्या रूपाने सुरू झाला आणि आता त्यात तीन लाखांहून अधिक लेख आहेत. आणि २००८ मध्ये जेफ्री सटन याचा मूळ एस्पेरांतो वाङ्मयाचा संक्षिप्त ज्ञानकोश न्यूयॉर्कहून निघाला. १८८७ पासून २००७ पर्यंतच्या लेखकांचा त्यात पिढीवार परामर्श घेतलेला आहे. कवींचे मूल्यमापन नेमके आहे, गद्यलेखकांबाबत तो क्वचित अधिक उदार होतो.

हा ग्रंथ इंग्रजीत आहे. एस्पेरांतीय वाचकांपैकी काहींना हे खटकले तर नवल नाही. पहिले पुस्तक रशियनमध्ये होते, कारण ती भाषा जाणणारा कोणी नव्हता आणि ज्यांना ती सांगायची होती ते बाहेरचे होते. सटनसमोर जाणकार आहेत, ग्रंथालये आहेत, एकशेवीस वर्षांचे वाङ्मय आहे. तरी ज्यांना हे वाङ्मय अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही त्यांना ते सांगण्यासाठी तो पुन्हा परकी भाषा वापरतो. मराठीत लिहिलेल्या कादंबरीची दखल इंग्रजी भाषांतरानंतर घेतली जाते अशी तक्रार करणाऱ्या आपल्या वाचकाला या निर्णयामागचा हिशेब समजावून सांगावा लागू नये.